सॅम्पल साइजवरून हरलेला खटला

‘एवढाच सॅम्पल साइज का?’ सिनॉप्सिस सादर करताना हा प्रश्न आला की आपली भंबेरी उडते. हाच प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात एका देशाला विचारला गेला. त्याचं उत्तर पटलं नाही, आणि तो देश खटला हरला. संशोधनात पडण्याआधी हा निकाल तुम्ही वाचावा असं मला वाटतं. त्यातली उणीवही बघावी.

२०१० मध्ये ऑस्ट्रेलियाने जपानविरुद्ध द हेगला दावा दाखल केला. देवमाशांच्या व्यापारी शिकारीवर बंदी आहे, पण १९४६ च्या करारातलं आठवं कलम वैज्ञानिक संशोधनासाठी शिकारीचे परवाने देऊ देतं. अंटार्क्टिकाजवळचा आपला ‘जार्पा-२’ प्रकल्प याच कलमात बसतो, असं जपान म्हणत होता.

न्यायालयाने इथे एक हुशारी केली. विज्ञान म्हणजे काय, याची व्याख्या करायला त्याने नकार दिला. जपानचा खरा हेतू काय, हेही शोधत बसलं नाही. त्याने एवढंच विचारलं: प्रकल्पाची आखणी आणि अंमलबजावणी सांगितलेल्या उद्दिष्टांच्या मानाने वाजवी आहे का?

मग आकडे बोलू लागले. दरवर्षी सुमारे ८५० मिन्की, ५० फिन आणि ५० हंपबॅक मारायचं ठरलं होतं. प्रत्यक्षात हंपबॅक एकही नाही, आणि पहिल्या सात हंगामांत फिन फक्त १८. प्रजातींमधली स्पर्धा अभ्यासायची होती, पण आकडे एवढे घसरूनही आराखडा बदलला नाही. न मारता माहिती मिळेल का, याचा पुरेसा विचार झालेला दिसला नाही. सुमारे ३,६०० मिन्की मारून जपानला पीअर रिव्ह्यू झालेले दोनच पेपर दाखवता आले. तेही नऊ देवमाशांच्या माहितीवर, आणि प्रकल्पाच्या उद्दिष्टांशी संबंध नसलेले! ३१ मार्च २०१४ रोजी १२ विरुद्ध ४ मतांनी निकाल लागला: परवाने रद्द करा.

विरोधी मत देणारे न्यायाधीश ओवाडा यांच्या मते, वैज्ञानिक गुणवत्ता तपासणं हे न्यायालयाचं काम नव्हे. मला हे पटत नाही. बोलणं आणि करणं यांचा मेळ बसतो का, हे पाहायला सागरी जीवशास्त्रात पीएच.डी. लागत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. ‘वाजवी’ म्हणजे किती, हे न्यायालयाने मोघमच ठेवलं. त्यामुळे दार किलकिलं राहिलं. २०१५ मध्ये जपान ३३३ मिन्कींचा नवा आराखडा घेऊन पुन्हा अंटार्क्टिकाकडे गेला. त्याच वर्षी त्याने सागरी जीवसंपत्तीचे वाद या न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राला दिलेल्या आपल्या मान्यतेतून वगळले. हे करता येतं, कारण देशांच्या संमतीशिवाय हे न्यायालय त्यांच्यातला खटला चालवू शकत नाही. २०१९ मध्ये जपान देवमासे आयोगातूनच बाहेर पडला. अंटार्क्टिकातली शिकार थांबली, पण स्वतःच्या समुद्रात त्याने व्यापारी शिकार सुरू केली. निकालाने एक प्रकल्प बंद पाडला, वाद मात्र मिटला नाही.

तरीही ती कसोटी आपल्या कामाची आहे. आज तुमचं प्रपोजल उघडा आणि प्रत्येक उद्दिष्टासमोर लिहा: नमुना एवढाच का, पद्धत हीच का, आणि आकडा गाठता आला नाही तर आराखड्यात काय बदलणार? ‘आधीच्या थीसिसमध्ये असंच होतं’ हे उत्तर चालणार नाही.