डॉनचं चरित्र, किनाऱ्यावरून वाचताना

एस. हुसेन झैदी यांच्या ‘डोंगरी टू दुबई’मध्ये (२०१२) सर्वांत जिवंत उतरलेला माणूस डॉन दाऊद इब्राहिम नव्हे, त्याचे वडील. खेड तालुक्यातल्या मुंबके गावचे इब्राहिम कासकर मुंबई पोलिसात हवालदार. खाणारी तोंडं पुष्कळ, पगार तुटपुंजा, पण डोंगरीत शब्दाला वजन. झैदी गरिबी सांगतात, पण तिला मुलाच्या गुन्ह्यांची सबब होऊ देत नाहीत. त्याच घरात, त्याच पगारावर बाप सरळ राहिलेला दिसतो. चरित्रकाराचा न्याय म्हणतात तो हाच.

हा तोल पुढे सुटतो. १९८१ साली प्रभादेवीच्या पेट्रोल पंपावर दाऊदचा भाऊ साबीर मारला गेला. तो प्रसंग असा रंगतो, की लेखक गाडीच्या मागच्या सीटवर बसला होता असं वाटावं. वाचताना हात थांबत नाही, हे कबूल. पण मेलेल्या माणसाची साक्ष घेतली कुणी? या पुस्तकातून ‘शूटआउट ॲट वडाला’ (२०१३) हा चित्रपट निघाला, यात नवल नाही.

त्याच लेखकाचं ‘ब्लॅक फ्रायडे’ (२००२) शेजारी ठेवलं, की फरक कळतो. तिथे तपास आहे, कबुलीजबाब आहेत आणि १२ मार्च १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटांत मेलेली २५७ माणसं आहेत. त्या स्फोटांसाठीचं आरडीएक्स रायगडच्या शेखाडीला उतरलं, ती पानं आपल्या आचऱ्याच्या किनाऱ्यावरच्या वाचकाने सावकाश वाचावीत. आपल्याकडे होडी किनाऱ्याला लागली की अर्ध्या वाडीला खबर असते. एवढा माल उतरवायचा तर होडी ओढणारे, गोणी वाहणारे, ट्रक हाकणारे, सगळेच लागणार. शिवाय डोळे मिटून घेणारे कस्टमवाले आणि लाच घेऊन नाक्यावर ट्रक सोडणारे पोलीस. टाडा न्यायालयाने त्यांतल्या काहींना दोषी ठरवलं. दुबईतल्या एकाच डोक्याने सगळं घडवलं असं लिहिलं, की ही मंडळी अलगद सुटतात.

म्हणून डॉनला काळा रंगवला की गोरा, हे मी बघतच नाही. त्याच्यासाठी दार उघडणाऱ्यांची नावं आहेत का, ते बघतो. या कसाला ‘ब्लॅक फ्रायडे’ उतरतं. ‘डोंगरी टू दुबई’ थोडं कमी पडतं. वाचनालयातून दोन्ही आणा, पण आधी ‘ब्लॅक फ्रायडे’ उघडा.