विणकऱ्याचं चरित्र कुठाय?

आयर्विंग स्टोनची 'लस्ट फॉर लाइफ' ही १९३४ सालची कादंबरी माधुरी पुरंदरे यांनी मराठीत आणली. चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं हे आयुष्य. बाई स्वतः चित्रकला शिकलेल्या. १९८८ साली पिकासोचं चरित्रही त्यांनीच लिहिलं. युरोपातल्या कलावंतांची आयुष्यं मराठीत आणायचं काम त्यांनी मन लावून केलं, हे आधीच मान्य करून टाकतो. भांडण त्यांच्याशी नाही. भांडण आहे हे पुस्तक वाचून डोळे पुसणाऱ्या पांढरपेशा वाचकाशी, आणि थोडं स्टोनशी.

दोस्तांनो, पुस्तक वाचाच. बोरिनाजचा भाग दोनदा वाचा. बेल्जियमच्या त्या कोळसा खाणीच्या मुलखात हा धर्मोपदेशक पोरगा आपले कपडे वाटून टाकतो, झोपडीत राहतो, आणि १८७९ साली चर्चचे साहेब त्याला काढून टाकतात. का? तर हा खाणवाल्यांसारखाच राहतो, धर्माची अब्रू जाते! असले धर्माचे ठेकेदार आपल्याला काय नवे नाहीत.

पण स्टोनची नजर एकाच माणसावर. खाणीत माणसं मरतात आणि आपण काळजी करायची व्हिन्सेंटची. पुढं तो हॉलंडात नुएननला येतो. १८८४ साली तिथल्या विणकऱ्यांना रंगवतो. मी मिलमध्ये मागावर उभा राहणारा माणूस, मला ती चित्रं बघताक्षणी कळली. मागानं अख्खं चित्र गिळलंय नि माणूस आत पिंजऱ्यात घातल्यासारखा. व्हिन्सेंटला ते दिसलं, त्याला सलाम. पण त्या विणकऱ्याचं नाव काय? पोरं किती? रोजी किती? १८८५च्या 'बटाटे खाणारे' या चित्रासाठी डी ग्रूट घराणं बसलं होतं, त्यांचं निदान नाव तरी राहिलं.

त्याच्या गरिबीवर हळहळणारे एक विसरतात. भाऊ थिओ त्याला पैसे धाडायचा. बाप पाळक, काका चित्रांचा व्यापारी. तो उपाशी राहिला हे खरंच, पण १८८५ च्या अखेरीस नुएनन सोडून निघून जाता आलं त्याला. डी ग्रूट कुठं जाणार?

आता मुंबईचा माग घ्या. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचं सूत धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढायचं. अस्पृश्याची थुंकी लागेल म्हणून साचेखातं आपल्या बापजाद्यांना बंद. जास्त पगार तिथंच. आपण रिंगखात्यात राबायचं. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न पुढं केला. म्हणजे नुएननचा विणकरी ज्या पिंजऱ्यात होता, त्या पिंजऱ्यातसुद्धा आपल्याला जागा नव्हती. बटाटे खाणाऱ्यांसाठी गहिवरणारा वाचक इथं मात्र गप. त्याच्या हातात १९७८ चं दया पवारांचं 'बलुतं' द्या, त्याला भाषेच्या तक्रारी सुचतात.

स्टोनचं पुस्तक उभं आहे व्हिन्सेंटच्या पत्रांवर. ती पत्रं थिओच्या बायकोनं, योहानानं, जपली आणि १९१४ साली छापली. कागद जपणारं कुणी होतं म्हणून चरित्र झालं.

आमच्याकडं कोनला २०१६ साली गिरणी कामगारांसाठी २,४१७ घरांची सोडत निघाली. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर पटावर होता हे कागदानं शाबीत करायचं. त्यापायी माणसांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळं जपलेलं: गिरणीचं नाव, तिकीट नंबर, ई. एस. आय. चं कार्ड, आणि बऱ्याच पिशव्यांत मृत्यूचा दाखला. कागदावर खातं 'रिंग' असं असतं. रिंगच का, हे कागद सांगत नाही. म्हाताऱ्या बाया सांगतात.

ज्यांनी अशा पिशव्या उघडून काही लिहून घेतलं असेल त्यांनी पुढच्या अंकासाठी पाठवावं. दोन पानं पुरेत. शुद्धलेखन आम्ही बघत नाही, नाव आणि खातं मात्र बरोबर लिहा.