गुहेतील नाद आणि तळ्यातील गोकुळ

परकीय लेखकाने आपल्या देवाच्या उत्सवाविषयी लिहिलेले पुस्तक देवाच्याच आवारात बसून वाचावे की नाही, असा प्रश्न गेल्या श्रावणात आमच्या वाचनमंडळापुढे आला, आणि प्रथम वाटला तितका तो सोपा ठरला नाही. देवस्थानाच्या अग्रशाळेत महिन्यातून एकदा आम्ही दहा-बारा मंडळी जमतो. इंग्रजी कादंबऱ्या वाचाव्या, त्यांतील प्रतीके व पुराणकथा यांचा विचार करावा, आणि चर्चा मात्र आपल्या मराठी-कोकणीत करावी, असा आमचा परिपाठ आहे. या खेपेस पुस्तक होते ई. एम. फॉर्स्टर यांची १९२४ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी 'अ पॅसेज टु इंडिया'. मंडळातील एक वयोवृद्ध महाजन आयुष्यभर शिक्षक होते. त्यांना आम्ही सारे गुरुजी म्हणतो. गोकुळाष्टमीचे प्रकरण वाचून त्यांनी पुस्तक मिटले आणि ते म्हणाले, "हा गृहस्थ आपल्या जन्मोत्सवाला गोंधळ म्हणतो. देवाच्या दारात याचे वाचन कशाला?"

एका तरुण प्राध्यापिकाबाईंनी उत्तर दिले की, हे सारे प्रतीकात्मक आहे, शब्दशः घ्यावयाचे नाही. गुरुजींचे समाधान झाले नाही. खरे सांगावयाचे तर आमचेही झाले नाही. 'प्रतीक' हा शब्द पुष्कळदा अडचणीच्या जागेतून निसटण्याची पळवाट होतो, आणि पळवाटा ओळखणे हा तर आम्हा वकिलांचा व्यवसायच. तेव्हा आधी पुस्तकाची बाजू नीट ऐकावी, मग निर्णय द्यावा, एवढे सर्वांनी मान्य केले.

पुस्तक परके असले तरी त्याचे मूळ आपल्यापासून फारसे दूर नाही. फॉर्स्टर प्रथम १९१२-१३ मध्ये भारतात आले, आणि १९२१ मध्ये देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खासगी चिटणीस म्हणून काही महिने राहिले. इंदूरकर वाचकांस देवासची ओळख करून देण्याचे कारण नाही. तेथील गोकुळाष्टमीत ते दरबारचे एक माणूस म्हणून वावरले. त्या दिवसांतील पत्रे पुढे १९५३ साली 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात आली. कादंबरीतील माऊ संस्थानचा उत्सव या अनुभवातून उतरला आहे. म्हणजे तो मुळात एका मराठी दरबारचा उत्सव होय. त्यात देवापुढे उभा राहणारा ब्राह्मणही नारायण गोडबोले नावाचा आहे, आणि टाळ-मृदंगाच्या घोषात जे नाव घेतले जाते ते तुकारामाचे आहे.

कथानक थोडक्यात असे. चंद्रपूर या गावी डॉक्टर अझीझ हा भावनाशील तरुण दोन इंग्रज स्त्रियांना, वृद्ध मिसेस मूर व तरुण अ‍ॅडेला क्वेस्टेड यांना, मराबारच्या गुहा पाहावयास नेतो. तेथे अझीझने आपल्यावर हात टाकला, असा आरोप अ‍ॅडेला करते. खटला उभा राहतो. भर न्यायालयात ती आपला आरोप मागे घेते. अझीझ सुटतो, परंतु त्याचे मन विटते. पुढे तो माऊला जातो आणि तेथे गोकुळाष्टमीच्या दिवसांत इंग्रज मित्र फील्डिंग त्याला पुन्हा भेटतो. मशीद, गुहा आणि मंदिर असे पुस्तकाचे तीन भाग आहेत, आणि हिवाळा, उन्हाळा व पावसाळा हे तीन ऋतू त्यांच्याबरोबर चालतात.

आता प्रथम गुहा. बिहारातील बराबरच्या लेण्यांवरून लेखकाने त्या घेतल्या. यांतील काही लेणी सम्राट अशोकाने आजीविक पंथाच्या साधूंस दान दिली होती, असे तेथील शिलालेख सांगतात. आतील ग्रॅनाइट आरशासारखे घासलेले आहे. कादंबरीत काडी ओढली की भिंतीच्या पोटात दुसरी ज्योत उजळते, दोन्ही ज्योती एकमेकींकडे धावतात आणि स्पर्श होताच विझतात. तेथे प्रार्थना म्हणा की शिवी द्या, परत येणारा नाद एकच. मिसेस मूर यांची श्रद्धा त्या नादाने खचते. बरे-वाईट, थोर-क्षुद्र सारे सारख्याच मोलाचे, म्हणजे बिनमोलाचे, असे त्यांस वाटू लागते.

गुहेत झाले तरी काय? आम्ही सवयीने पुरावा तपासू लागलो: दुर्बिणीचा तुटलेला पट्टा, अझीझचे थोडा वेळ दूर जाणे, वाटाड्याचे नाहीसे होणे. दोन बैठका यातच गेल्या. फॉर्स्टर यांची हस्तलिखिते १९७८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांतील एका आरंभीच्या खर्ड्यात गुहेत प्रत्यक्ष झटापट आहे. छापील पुस्तकात ती नाही. लेखकाने आरोपी हाती असताना तो काढून टाकला. तेव्हा गुन्हेगार शोधणारा वाचक लेखकाने मुद्दाम रिकामी केलेली जागा भरू पाहतो, हे आमच्या ध्यानात उशिरा आले. गुहा हे रचलेले प्रतीक आहे. त्याच्यामागे कोणतीही कथा नाही, कोणताही समाज नाही; जो आत जाईल त्याला त्याचेच काही तरी परत मिळावे, एवढीच तिची योजना.

न्यायालयाच्या प्रकरणात मात्र दुसरी एक शक्ती कामाला लागते. आम्हांस हे प्रकरण अर्थातच अधिक जवळचे. सिटी मॅजिस्ट्रेट रॉनी हा अ‍ॅडेलाचा वाग्दत्त वर आणि मिसेस मूर यांचा पुत्र, म्हणून खटला त्याचे हाताखालील दास चालवितात. इंग्रज मंडळी न्यायाधीशाच्या चौथऱ्यावर खुर्च्या मांडून बसतात. बचावाचे बॅरिस्टर अमृतराव हरकत घेतात आणि त्यांस खाली उतरावे लागते. हा प्रसंग कोणत्याही वकिलाने अभ्यासावा असा आहे. परंतु त्याहून विलक्षण असा तो पंखा ओढणारा उघडा, देखणा मनुष्य. कोण सुटले, कोण अडकले, याची त्याला वार्ताही नाही. न्यायालय ओस पडले तरी त्याचा पंखा हलतच राहतो. आपण ज्याला न्याय म्हणतो त्याच्या भोवती केवढे मोठे उदासीन जग पसरले आहे, हे त्या एका आकृतीने कळते.

याच वेळी बाहेरचा जमाव, अझीझच्या बाजूने बोलू शकली असती त्या गैरहजर मिसेस मूर यांचे नाव घेऊ लागतो. नाव परके, ते तोंडात बसत नाही. त्याचे 'एस्मिस एस्मूर' होते आणि देवीच्या नामघोषाप्रमाणे ते रस्त्यावर घुमते. पुढे त्या बाई समुद्रप्रवासात वारल्याचे कळते, आणि तरीही त्यांची दोन-दोन थडगी असल्याची वदंता उठते. लोक तेथे मातीची भांडी ठेवू लागतात. गुहेचे प्रतीक एका लेखकाने रचले. हे दैवत लोकांनी घडविले. मिसेस मूर यांनी त्या लोकांसाठी फारसे काहीच केले नव्हते, हे येथे गौण ठरते. संकटात सापडलेल्या जमावाला साक्षीदार हवा होता, आणि त्याने तो निर्माण केला. पुराणकथा जन्मते कशी, याचे इतके स्वच्छ चित्र आम्ही अन्यत्र क्वचितच पाहिले आहे.

आता गुरुजींच्या आक्षेपाकडे वळतो. मंदिरातील उत्सवाला लेखक गोंधळ म्हणतो, हे खरे. परंतु हा शब्द पुस्तकात आरंभापासून फिरतो. मिसेस मूर यांस गूढ आवडते, गोंधळ आवडत नाही. फील्डिंग म्हणतो की गूढ हे गोंधळाचेच भारदस्त नाव. आणि आपली भाषा काय म्हणते? ज्या शब्दाने आपण अव्यवस्था दाखवितो, त्याच शब्दाने देवीपुढील जागरही दाखवितो. लेखकाला मराठीतील हा योग ठाऊक असेल असे नव्हे. पण मराठी वाचकाने तरी तो विसरू नये.

समोरच्या देवाला सोडून गाणारे एका संताचा धावा करतात, याचे लेखकाला नवल वाटते. परक्याला नाट्यदृष्ट्या उचित वाटेल असे येथे काहीच घडत नाही, असेही तो नोंदवितो. पंढरीच्या वाटेने संतांच्या नावाचा गजर करीत चालणाऱ्याला यात विसंगती दिसणार नाही. येथे फॉर्स्टर यांचे ज्ञान तोकडे पडले, पण साक्ष खोटी नाही. जे पाहिले ते त्यांनी लिहिले. जे कळले नाही ते कळल्याचा आव आणला नाही. 'देव म्हणजे प्रेम' या अर्थाचे इंग्रजी वाक्य भिंतीवर चुकीचे रंगविलेले आहे, यात थट्टा आहे असे प्राध्यापिकाबाईंनाही वाटले. आम्हांस मात्र दिसते ते असे की, चूक झाली ती परक्या भाषेत. गाणाऱ्यांच्या प्रेमात तिच्यामुळे काहीच उणे झाले नाही. लोणी, लहान मुले, थट्टामस्करी हे सारे पूजेत सामावते, हे तर लेखकाने कौतुकानेच पाहिले आहे. माशेलच्या देवकीकृष्णापुढे आषाढात चिखलकाल्यात लोळणारी माणसे ज्यांनी पाहिली, त्यांस यात अपमान वाटण्याचे कारण नाही.

वाद असा चालला असता आमच्या बैठकीत एरवी मुकाट बसणारे, मंदिरात पखवाज वाजविणारे एक गृहस्थ बोलले. त्यांस इंग्रजी बेताचेच येते. पहिल्या भागातील गोडबोल्यांच्या गाण्याचा प्रसंग आम्ही त्यांस मराठीत सांगितला होता. गोपी होऊन गोडबोले कृष्णाला 'ये' म्हणतात; तो येत नाही. मिसेस मूर विचारतात, दुसऱ्या एखाद्या गाण्यात तरी तो येत असेल ना? गोडबोले म्हणतात, नाही. मोठमोठ्या समीक्षकांनी यात देवाच्या अनुपस्थितीचे प्रतीक पाहिले आहे. पखवाजवाले म्हणाले, "ही तर गवळण. तो आला तर गाणे सरले की हो." मंडळी स्तब्ध झाली. आम्हांस तत्क्षणी आठवले, कादंबरीतही ते गाणे पाहुण्यांना कळत नाही. कळते ते नोकरांना आणि तळ्यात शिंगाडे काढणाऱ्या एका माणसाला, जो आनंदाने तोंड उघडे ठेवून पाण्याबाहेर येतो. लेखकाने खूण स्पष्ट करून ठेवली होती; आम्हीच पाहुण्यांत बसलो होतो.

तरीही गोडबोल्यांना आम्ही सर्वस्वी निर्दोष सोडू शकत नाही. उत्सवात ते मनाने मिसेस मूर यांना आपल्या प्रेमात ओढून घेतात, मग एका गांधीलमाशीला. ती ज्या दगडावर बसली होती त्या दगडालाही घेऊ पाहतात, आणि तेथे त्यांचे बळ सरते. हे अपयश प्रामाणिक आहे, आणि म्हणूनच तो पुस्तकातील सर्वांत खरा क्षण आहे. परंतु हेच गोडबोले एक साधी गोष्ट मित्रापासून लपवून ठेवतात. फील्डिंगने अ‍ॅडेलाशी लग्न केले, असे समजून अझीझ जळत असतो. वस्तुतः लग्न झालेले असते मिसेस मूर यांच्या कन्येशी, आणि गोडबोल्यांना ते ठाऊक असते. गांधीलमाशीला ज्या हृदयात जागा आहे त्याला शेजाऱ्यासाठी एक वाक्य बोलवत नाही! लेखकाने गोडबोल्यांना प्रतीक करताना माणूस म्हणून त्यांचा जाब घेतला नाही, हा आमच्या मते पुस्तकातील खरा दोष. गुरुजींनी रागवावयाचे तर उत्सवाच्या वर्णनाऐवजी येथे रागवावे.

शेवटी मिरवणूक निघते. तिच्या निमित्ताने तुरुंगातून एका कैद्याची सुटका होते. मागल्या भागात एक निरपराध माणूस कायद्याने सुटला, पण त्याचे मन कडवट झाले. येथे एकाला युक्तिवादावाचून, कृपेने सोडले जाते. मग मातीचे गोकुळ तबकात ठेवून, ज्याच्याकडे तो पिढीजात मान आहे तो सेवक ते तळ्यात ढकलतो. पावसात दोन होड्या एकमेकींवर आदळतात, फील्डिंग, त्याची पत्नी, तिचा भाऊ व अझीझ पाण्यात पडतात, आणि त्या तबकाबरोबर रॉनीची व अ‍ॅडेलाची पत्रेही तरंगू लागतात. गुहेने जे तोडले ते तळे जोडते, पण क्षणभरच. अखेरच्या पानावर दोन मित्रांचे घोडे बाजूला होतात, कारण राज्यकर्ता आणि पारतंत्र्यातील प्रजा यांची मैत्री तेव्हा शक्य नव्हती. मंदिराने राजकारणाचा प्रश्न सोडविला, असा दावा लेखक करीत नाही, हा त्याचा मोठेपणा.

आमचा निर्णय असा. प्रतीकांची किल्ली तयार करून, गुहा म्हणजे शून्य, माशी म्हणजे ऐक्य, अशी यादी जोडत जाणे हे वाचन नव्हे. रचलेले प्रतीक आणि जगलेली पुराणकथा यांत भेद करावा. पहिल्याला लेखकाच्या हेतूने मोजावे, दुसरीला ती जगणाऱ्या माणसांच्या ओळखीने. या दुसऱ्या मापाने मोजता फॉर्स्टर यांचे गोकुळ बऱ्याच अंशी खरे उतरते, आणि जेथे उणे पडते तेथे ते भरून काढण्याची विद्या आपल्यापाशी आहे. गुरुजींनी आपली हरकत मागे घेतली नाही. परंतु पुढील बैठकीस ते त्याच प्रकरणावर समासात टिपणे करून आले.

आता आम्ही राजा राव यांची १९३८ सालची 'कांतापुरा' हाती घेत आहो. तिच्यात गावाची केंचम्मा देवी गावातलीच एक म्हातारी सांगते, आणि प्रत्येक गावाला आपले स्थलपुराण असते, असे लेखक प्रस्तावनेतच म्हणतो. सोळाव्या शतकात नदीपार आणलेल्या आपल्या देवांच्या कथा ज्या घरांत अजून सांगितल्या जातात, त्या घरांतील वाचकांस हे पुस्तक परके वाटणार नाही. त्यांनी ते अवश्य वाचावे, आणि शक्य तर आपल्या देवळाच्या पायरीवर बसून वाचावे.