भुयाराचा नकाशा, रानाचा नकाशा

सिंदेवाही तालुक्यातील एका शाळेत आम्ही विज्ञान शिबिरासाठी गेलो होतो. शाळेतले संगणक जुने होते, त्यांवर चित्रांचे नवे खेळ चालत नसत. म्हणून मुलांसाठी आम्ही 'नेटहॅक' हा नुसत्या अक्षरांचा खेळ बरोबर नेला होता. थोडा वेळ खेळून झाल्यावर नववीतल्या एका मुलीने पडद्यावरच्या काळ्या भागावर बोट ठेवून विचारले, "सर, हे काळं म्हणजे खडक हाय, का आमी अजून पाह्यलंच नाही?"

या प्रश्नाचे उत्तर त्या खेळाच्या नकाशातून मिळत नाही. तो नकाशा बराच विचार करून बनवलेला आहे, म्हणून त्याचे गुण आणि ही उणीव दोन्ही तपासून पाहण्यासारखी आहेत.

१९८० च्या सुमारास मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्यांनी 'रोग' नावाचा खेळ रचला. (या इंग्रजी शब्दाचा अर्थ 'लुच्चा', आजाराशी त्याचा संबंध नाही.) भुयारात उतरायचे, राक्षसांशी लढायचे, वस्तू गोळा करायच्या, असा हा खेळ. त्याच परंपरेतला 'नेटहॅक' १९८७ मध्ये आला आणि आजही विनामूल्य मिळतो. त्याचा नकाशा म्हणजे ८० स्तंभ आणि २१ ओळींची चौकट. खेळाडू म्हणजे 'ॲट'चे चिन्ह, मोकळी जमीन म्हणजे टिंब, खाद्यपदार्थ म्हणजे टक्क्याचे चिन्ह. प्राण्यांना आणि राक्षसांना इंग्रजी अक्षरे दिलेली आहेत.

या नकाशाचा पहिला गुण असा की तो भुयाराचा नकाशा नसून खेळाडूच्या माहितीचा नकाशा आहे. राक्षस नजरेआड झाला की त्याचे अक्षर पुसले जाते, कारण तो चालता-फिरता आहे आणि आता कुठे असेल ते सांगता येत नाही. वस्तूचे चिन्ह मात्र तसेच राहते, कारण वस्तू आपणहून हलत नाही. दुसरा गुण त्याहून सूक्ष्म आहे. न दिसणाऱ्या कोणी अंधारातून हल्ला केला, तर त्या जागी 'आय' हे अक्षर उमटते. इथे काहीतरी आहे, काय ते ठाऊक नाही, एवढाच त्याचा अर्थ. दिसलेले आणि नुसते जाणवलेले यांसाठी वेगळी चिन्हे वापरण्याची ही शिस्त अनेक शास्त्रीय नकाशांतही आढळत नाही.

आता दोष पाहू. पहिला, आठवणीवर तारीख नाही. वस्तू मागे कोणी उचलून नेली तरी आपण पुन्हा तिथे जाईपर्यंत तिचे चिन्ह कायम राहते. आत्ता पाहिलेले आणि फार पूर्वी पाहिलेले सारखेच दिसते. दुसरा, मांजराचे पिल्लू आणि वाघ दोघांनाही 'एफ' हे एकच अक्षर आहे, फरक फक्त रंगाचा. विचारण्याची कळ दाबली तर खेळ नाव सांगतो हे खरे, पण विचारायचे सुचायला हवे! तिसरा दोष त्या मुलीने दाखवला. टिंब म्हणजे 'पाहिले, मोकळे आहे' हे स्पष्ट आहे. काळा चौकोन मात्र भरीव खडकही असू शकतो आणि न पाहिलेली जागाही. 'नाही' आणि 'माहीत नाही' यांना एकच चिन्ह दिले आहे.

हा फरक खेळापुरता राहत नाही. शाळेपासून थोड्याच अंतरावर ताडोबा-अंधारीचे जंगल आहे, आणि तिथे हीच चूक करून चालत नाही. रानात वाघ हा भुयारातल्या राक्षसासारखा आहे. क्षणभर दिसतो आणि नाहीसा होतो. मागे राहतात त्या खुणा : पावलांचे ठसे, विष्ठा, झाडावरचे ओरखडे. त्या 'आय'च्या जातीच्या. आपल्याकडे बरीच वर्षे ठशांवरून वाघ मोजत. १९७२ मध्ये देशात १,८२७ वाघ असल्याचा आकडा याच पद्धतीने निघाला. पण माती ओली की कोरडी, चाल संथ की वेगाची, यांवरून एकाच वाघाचा ठसा निराळा दिसू शकतो. जाणवलेल्याला दिसलेले समजण्याची ही चूक होती. राजस्थानातील सरिस्का अभयारण्यात कागदोपत्री वाघ होते, आणि २००४-०५ मध्ये तिथे एकही उरला नसल्याचे उघड झाले.

आज चौकटी पाडून, दर दोन चौरस किलोमीटरला समोरासमोर दोन कॅमेरे लावतात. दोन अशासाठी, की वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असतात, आणि प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे. पण कॅमेऱ्यालाही सगळे वाघ दिसत नाहीत. मग न दिसलेले मोजायचे कसे? समजा पहिल्या फेरीत २० वाघ टिपले गेले. दुसऱ्या फेरीतही २० टिपले, आणि त्यांतले १० पहिल्या फेरीतलेच निघाले. म्हणजे पहिल्या फेरीतले निम्मेच दुसऱ्यांदा सापडले, तेव्हा एका फेरीत एकूण वाघांपैकी सुमारे निम्मे सापडतात असे धरता येते, आणि एकूण संख्या ४० च्या आसपास येते. प्रत्यक्षातले गणित याहून गुंतागुंतीचे आहे, पण कल्पना हीच. २०१८ च्या गणनेत कॅमेऱ्यात २,४६१ वेगवेगळे वाघ आले आणि देशातील संख्येचा अंदाज २,९६७ निघाला. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे काळ्या चौकोनाचे मोल मान्य करणे होय.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत हा फरक जिवाशी येतो. वाघ काही ताडोबाची हद्द पाळत नाही. ब्रह्मपुरीच्या बाजूला संरक्षित क्षेत्राबाहेरही वाघ पुष्कळ आहेत. पहाटे मोहफुले वेचायला किंवा उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेली माणसे हल्ल्यात दगावल्याच्या बातम्या या भागाला नव्या नाहीत. "तिकडे वाघ नाही" असे कोणी म्हटले, तर ते शोधून म्हटले की कोणी शोधलेच नाही म्हणून म्हटले? आणि शोधले असेल तर कधी? गेल्या महिन्यातले टिंब आज पहाटे उपयोगी नाही. गडचिरोलीच्या नकाशावर रानटी हत्तींची जागाही अशीच कोरी होती. २०२१ मध्ये छत्तीसगडकडून कळप आला आणि धानाच्या शेतांत शिरला.

शिक्षकांनी वर्गात हे करून पाहावे. शाळेच्या आवाराचा चौकटींचा नकाशा काढून दोन गटांनी, एकमेकांना न विचारता, मुंग्यांची बिळे शोधावीत. दोन्ही यादींत आलेल्या बिळांवरून एकूण संख्येचा अंदाज काढावा. मोठी, ठळक बिळे दोन्ही गटांना सहज सापडतात, म्हणून अंदाज कमी येतो, हेही मुलांच्या लक्षात येईल. नकाशावर चार चिन्हे असावीत : दिसले, खूण सापडली, शोधले पण सापडले नाही, शोधले नाही. प्रत्येक चिन्हाखाली तारीख लिहावी.

शिबिर संपताना त्या मुलीने आपल्या नकाशात शाळेच्या कुंपणामागचा भाग कोरा न ठेवता तिरप्या रेघांनी भरला होता. खाली लिहिले होते, 'इथे आम्ही गेलो नाही.' 'नेटहॅक'च्या नकाशात नेमके हेच चिन्ह नाही.