काठीचं टोक आणि काठीची मूठ

कुरखेड्याच्या शिवारात भाताच्या रोवणीच्या दिवसांत बांधीच्या पारावरून, म्हणजे खाचराच्या बांधावरून, चालायचं, तर डोळसाचीही नजर पायाशी खिळते. पार अरुंद, दोन्ही अंगांना चिखल. थोडं पुढे मोहाची फांदी वाटेवर झुकलेली. गावात शिरताना बंडीतून मागे निघालेले बांबू नेमके छातीच्या उंचीवर. ही वाट मनात धरून मला दृष्टिहीनांसाठीची 'स्मार्टकेन' ही काठी वाचायची आहे. कविता वाचताना जसं सांगितलेल्याइतकंच गाळलेलंही पाहतो, तशी.

दिल्लीच्या आयआयटीत, प्रा. एम. बालकृष्णन यांच्या मार्गदर्शनाखाली, विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून ही काठी घडत गेली. 'सक्षम' या संस्थेची साथ होती. चेन्नईच्या फिनिक्स मेडिकल सिस्टिम्सने ती बनवली आणि २०१४ मध्ये ती लोकांच्या हाती आली.

पहिली दाद द्यायची ती जुनी काठी तशीच राहू दिली याला. घडीची पांढरी काठी तीच, यंत्र फक्त मुठीवर. ते आपल्याला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी पुढे सोडतं. लहर आदळून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून अडथळा किती लांब आहे ते ठरतं. बाहेर ३ मीटरपर्यंत, घरात १.८ मीटरपर्यंत. गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचं जे काही आडवं येईल ते टिपायचं, एवढंच या मुठीचं काम. म्हणजे मोहाची फांदी तिची, बंडीतले बांबूही तिचे.

गुडघ्याखालचं सारं टोकाकडे, आणि त्या टोकाची विद्या जुनी आहे. अमेरिकेत रिचर्ड हूवर यांनी १९४४ च्या सुमारास युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी लांब काठीची पद्धत बसवली. डावं पाऊल पुढे पडतं तेव्हा टोक उजवीकडे टेकतं. उजव्या पावलाची जागा ते पडण्याआधीच चाचपलेली असते. चालण्याच्या लयीत इतकी काळजी विणलेली मला दुसऱ्या कुठल्या साधनात दिसत नाही.

दाद द्यायची दुसरी जागा त्याहून नाजूक. ही मूठ बोलत नाही, थरथरते. अडथळा जवळ येईल तशी थरथर बदलते. आवाज काढणारं यंत्र करणं अवघड नव्हतं. पण दृष्टिहीन माणूस कानांवर चालतो. मागून येणारी मोटारसायकल, गुरांच्या गळ्यातली घंटा, ओढ्याचं पाणी, हे सगळं त्याला हवंच असतं. ते कान मोकळे ठेवले, यात मला करणाऱ्यांची खरी समज दिसते.

मात्र पारावर गोष्ट उलटी होते. तिथे समोर काही नसतंच. धोका बाजूच्या खोलीचा. मूठ गप्प राहते आणि ते गप्प राहणं म्हणजे वाट सुरक्षित असल्याची खूण नव्हे. काठीला खांद्याइतका रुंद झोका द्यायलाही जागा नाही. टोक पाराच्या कडेला लावून सरकवत न्यावं लागतं. हे काठीच्या डब्यासोबत येत नाही, कुणीतरी सोबत चालून शिकवावं लागतं. कुरखेड्याची 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी' ही संस्था गावोगावच्या दिव्यांगांबरोबर काम करत आली आहे. असं शिकवणं तिच्यासारख्या संस्थेतल्या, गावातल्याच माणसांना जमेल. तेही शिबिराच्या सपाट मंडपात नको. भर पावसात, ज्याला रोज जायचं आहे त्याच्याच बांधीवर व्हावं.