'आमूर' आणि इयादत
मायकेल हानेके यांचा 'आमूर' हा 2012 चा फ्रेंच चित्रपट मृत्यूचा चित्रपट म्हणून वाखाणला जातो. आम्हांला तो तुटत गेलेल्या जाण्यायेण्याचा वाटतो. जॉर्ज आणि ॲन हे ऐंशीच्या घरातले, निवृत्त संगीतशिक्षक जोडपे. सुरुवातीला दोघे मैफलीला जातात. पुढे ॲनची उजवी बाजू लुळी पडते आणि कॅमेरा पॅरिसमधल्या त्यांच्या घराबाहेर जवळजवळ पडतच नाही. आजारी एक, अडकलेले दोघे.

ॲनचा जुना शिष्य, आता नावाजलेला पियानोवादक, भेटायला येतो. ती हाताविषयी बोलणे टाळते, त्याला वाजवायला सांगते. तेवढा वेळ ती पुन्हा शिक्षिका असते. नंतर त्याची चिठ्ठी येते, तीत हळहळ असते, आणि ॲन त्याचीच सीडी बंद करायला लावते. बहुचर्चित शेवटापेक्षा आम्हांला हा प्रसंग मोलाचा वाटतो.

आपल्याकडे इयादतीला माणसे येतात, दुआ देऊन जातात. पण निकाहचे बोलावणे देताना लकवा झालेल्या खालाला जिन्यावरून कोण उतरवणार, हे कुणी विचारते? मग खालूही घरीच थांबतात. मात्र जॉर्जलाही हानेके मोकळा सोडत नाहीत. मुलगी भेटायला येते, तेव्हा ॲनच्या खोलीला कुलूप तोच घालतो.