लोककथेचा ‘शुद्ध पाठ’ : एक आक्षेप

एकाच ग्रंथाच्या दोन पोथ्या हातीं आल्या व त्यांत भेद आढळला, कीं एक शुद्ध व दुसरी भ्रष्ट असा निर्णय करण्याची संवय आम्हां पोथ्या जमविणारांस जडलेली असते. लिखित ग्रंथापुरती ती योग्यच आहे. पंचतंत्राचे निरनिराळे पाठ ताडून फ्रँकलिन एजर्टन यांनीं १९२४ सालीं मूळ ग्रंथ पुन्हा उभा करण्याचा यत्न केला, तो याच मार्गानें. परंतु हेंच माप मुखपरंपरेनें आलेल्या लोककथेस लावणें आम्हांस सयुक्तिक वाटत नाहीं.

प्रथम प्रकार पाहूं. आपल्याकडील अशा कथांचे ढोबळ मानानें चार वर्ग पडतात. व्रताच्या दिवशीं हातांत अक्षता घेऊन ऐकावयाची ती कहाणी. स्थळाचें वा पुरुषाचें नांव घेऊन खरी म्हणून सांगितली जाणारी ती दंतकथा. उपदेशाच्या ओघांत येणारा तो दृष्टांत. आणि निजतेवेळीं मुलांस सांगावयाची ती नुसती गोष्ट. हे वर्ग मुख्यतः कोणीं, कोणास व केव्हां सांगावयाचें, यावरून पडले आहेत. उलटपक्षीं, आन्ती आर्ने यांनीं १९१० सालीं सिद्ध केलेली व स्टिथ टॉम्प्सन यांनीं १९२८ आणि १९६१ सालीं वाढविलेली वर्गवारी कथानकास क्रमांक देते. देशोदेशींच्या कथा ताडून पाहण्यास ती उपयुक्त आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. तथापि त्या क्रमांकांत अक्षतांस जागा नाहीं. सासुरवाशिणीच्या छळाची एकच हकीकत कहाणींत आली तर व्रताच्या फळाशीं जोडली जाते, गोष्टींत आली तर केवळ करमणूक करते. क्रमांक एक पडला तरी श्रोत्यांच्या लेखीं त्या कथा दोन होत.

आतां आमच्या वाचकांस परिचित असें उदाहरण घेऊं. कावळ्याचें घर शेणाचें व चिमणीचें मेणाचें, ही गोष्ट ठाऊक नाहीं असें मराठी घर विरळा. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत म्हाइंभटांनीं संकलित केलेल्या लीळाचरित्रांत ती आली आहे. मात्र तेथें चिमणीच्या जागीं ‘साळै’ आहे. यावरून साळै हा मूळ पाठ व चिमणी हा अपपाठ, असें कोणी म्हणेल. आमचें उत्तर असें कीं, म्हाइंभटांच्या ग्रंथांत आहे ती एका प्रसंगींच्या सांगण्याची नोंद. त्याच काळीं इतर घरांतून ती कशी सांगितली जात होती, हें त्या पोथीवरून ठरत नाहीं. सर्वांत जुनी नोंद हाच कथेचा उगम मानणें म्हणजे नदीवरील पहिल्या घाटास तिचा उगम समजण्यासारखें आहे.

संस्कृताच्या अभ्यासकांकडून तर हा प्रमाद विशेष घडतो, व त्यांत आम्हीही आहों. गोष्ट कानीं पडतांच आमचें मन सोमदेवाच्या कथासरित्सागराकडे धांवतें. पण सोमदेवापुढें असलेली गुणाढ्याची बृहत्कथा तरी लोकांच्या मुखांतून कितपत उचललेली होती, याचा विचार आम्ही क्वचितच करतों.

या प्रमादाचें प्रायश्चित्त आम्हांस घडलें आहे. चाळीस वर्षांपूर्वीं आमच्या आत्याबाईंकडून आम्ही श्रावणांतील कहाण्या उतरून घेतल्या. आटपाट नगरांतील त्या गरीब ब्राह्मणास नांव नव्हतें; एकच वाक्य तीन तीनदां येई; मध्येंच ऐकणारांचा हुंकार घेतल्यावांचून त्या पुढें जात नसत. आम्हीं पुनरुक्ति हा काव्यदोष मानून ती गाळली, वाक्यें व्याकरणशुद्ध केलीं, आणि कच्चे कागद टाकून दिले. आज त्या वहींत आमची भाषा आहे. आत्याबाईंची एकही ओळ नाहीं. ज्यास आम्ही दोष समजलों तेंच लोककथेचें लक्षण होतें. पात्रांचें निनांवीपण कथेस कोणत्याही गांवची होऊं देतें, पुनरुक्ति सांगणाराच्या स्मरणास आधार देते व हुंकार श्रोत्यास जागा ठेवतो.

१८६८ सालीं मेरी फ्रिअर यांनीं प्रसिद्ध केलेल्या दख्खनच्या कथांचें पुस्तक इंग्रजींत आहे, हें त्याचें न्यून खरें. पण कथा सांगणाऱ्या आन्ना लिबेराता द सौझा या आयेचा जीवनवृत्तांत तिच्याच तोंडून त्यांत दिला आहे. तेवढी दक्षता आम्ही मराठींत लिहिणारांनीं घेतली नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे. कथा उतरतांना सांगणाराचें नांव त्याच्या संमतीनें, तसेंच गांव, तिथि व प्रसंग लिहावा. शब्द सुधारूं नयेत. पाठभेद आढळल्यास दोन्ही पाठ शेजारीं शेजारीं ठेवावे. जुन्या घरांतून स्त्रियांच्या हातच्या कहाण्यांच्या वह्या रद्दींत जात आहेत, त्यांस पोथीचा मान द्यावा. पोथी गहाळ झाली तर दुसरी प्रत मिळण्याचा संभव असतो. सांगणारी गेली म्हणजे तो संभव उरत नाहीं.